पाळणाघरातलं गाढव

मी गाढव बोलतोय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

खरं तर माझा घोडा व्हायचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा शिंपी होता. त्याचा नातू काकूंच्या पाळणाघरात असायचा. एकदा ओव्हरकोटाचं राखाडी कापड उरलं, म्हणून त्यानं पोरांसाठी हातात घालायचा घोडा शिवायला घेतला. कान कापताना कुणाशी तरी बोलत बसला आणि कान झाले हातभर. "करायला गेलो एक, झालं भलतंच," असं म्हणत ओशाळून त्यानं मला काकूंच्या हातात दिलं. काकू म्हणाल्या, बरंच झालं, घोड्याला सगळे विचारतात.

मला पाय नाहीत, पाठ नाही. मान संपली की मी संपतो. तोंडात लाल अस्तर आहे. अंगठा खालच्या जबड्यात, बाकीची बोटं वरच्या जबड्यात घातली की माझं तोंड उघडतं. आवाज मात्र ज्याचा हात त्याचा. भाषाही त्याचीच. हात निघाला की मी नुसती पिशवी. शब्द किती ऐकले त्याला गणती नाही, पण माझा म्हणावा असा एकही नाही. संध्याकाळी पोरं घरी गेली की काकू मला खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायच्या आणि मग सकाळपर्यंत मी, रांगेत लावलेल्या लहान लहान चपला आणि ओल्या लोकरीचा वास.

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत गाद्यांच्या गुंडाळ्या आणि खेळणी, दुसरीत चूल, बेसिन आणि दुपट्यांचा ढीग. काकू देहानं ऐसपैस. दिवसभर जमिनीवर पोरांत बसायच्या आणि उठताना गुडघे कडकड वाजायचे. पोरं त्या आवाजाची वाट बघायची.

गल्लीत माणसं ठिकठिकाणाहून आलेली. कुणी गोदीत, कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर. बाहेर सगळे इथली भाषा बोलायचे. दार लावलं की ज्याची त्याची घरची. काकूंची एक पद्धत होती. नवं मूल आलं की आईबापांना त्या सांगायच्या, मला तुमच्या घरचे चार शब्द शिकवा : पाणी, शू, झोप आणि दुखतंय. मग मला हातात घालून माझ्या तोंडून ते घोकत बसायच्या. जीभ त्यांची जड. एकही शब्द पहिल्या फटक्यात सरळ यायचा नाही. पोरं खदखदून हसायची आणि मला, म्हणजे गाढवाला, सुधारायची. "असं नाही रे, असं म्हण." दोन वर्षांचं पोरसुद्धा माझा मास्तर व्हायचं.

काकूंचं म्हणणं साधं होतं. पोर रडताना त्याच्या कानावर घरचा एक शब्द पडला, तर निम्मं रडं तिथंच थांबतं. पोरांना त्या सांगायच्या की या गाढवाला ज्याच्या त्याच्या घरचंच कळतं, इथलं कळत नाही. त्यामुळे पोरं माझ्याशी आपापल्या भाषेत बोलायची. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ना, माझ्यापुढे तर काय काय वाचलं गेलं! ऐकलं मी सगळं. कळलं किती, ते विचारू नका.

मग एके दिवशी बटण आली.

हे नाव काकूंनीच ठेवलेलं. पोरगी जेमतेम तीन वर्षांची. कोटाचं वरचं बटण मुठीत धरून दारात उभी राहिली आणि दिवसभर ते सोडलंच नाही. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले बरेच दिवस घराबाहेर. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात यंत्रातून चादरी काढायला आणि घड्या घालायला होती. तिच्या बोटांची कातडी सोड्यानं सोललेली असायची. नवराबायको आधी इथं आले, पोरगी गावी आजीजवळ राहिली. आता नुकतीच तिला आणली होती.

पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर पोरीची आत्या आली होती. ही बाई या शहरात खूप वर्षांपासूनची. चांगला कोट, व्यवस्थित केस, इथली भाषा अगदी गुळगुळीत. काकूंनी नेहमीसारखे चार शब्द विचारले. आईनं तोंड उघडलं, पण उत्तर दिलं आत्यानं.

"नको काकू. ती भाषा आम्ही घरातसुद्धा बंद केली आहे. पोरीचा गोंधळ होतो. पुढे शाळेत मागे पडली तर कोण निस्तरणार?"

मग तिनं स्वतःच्या मुलाचं सांगितलं. त्याला पहिल्या दिवसापासून इथलीच भाषा दिली, घरची कानावर पडूच दिली नाही, म्हणून आज तो मोठ्या कंपनीत आहे. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. काकूंनी हळूच सुचवून पाहिलं की घरची भाषा पक्की असली तर दुसरी तिच्यावर सहज चढते, वेलीला काठी मिळाल्यासारखी. आत्या हसली. शेजारणीनं सांगितलेल्या घरगुती औषधाला हसतात ना, तसं. आई मान खाली घालून सोललेल्या बोटांकडे बघत होती. नणंदेपुढे ती काय बोलणार? आणि काकू तरी काय बोलणार? पोर त्यांचं.

त्या घरात काय चाललं होतं ते पुढे आईनंच सांगितलं. तिला इथल्या भाषेतले शब्द येत होते ते एवढेच : ये, खा, नको, झोप, लवकर. तेवढ्या पाच शब्दांतच तिला आई व्हावं लागत होतं. गोष्ट नाही, लाड नाही, रागावणंसुद्धा धड नाही. गावाहून आली तेव्हा पोरगी एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. आई ओठांवर बोट ठेवायची. मग पोरगी थांबली. घरीही थांबली आणि आमच्याकडेही.

ती रडायची नाही, हट्ट करायची नाही. समोर ठेवलं ते खायची. भोंगा नावाचं एक पोर होतं, दिवसभर गळा काढणारं. काकू म्हणायच्या, भोंग्याची मला काळजी नाही, काळजी आहे ती हिची. बटण माझ्या खिळ्याखाली भिंतीला टेकून बसायची. तिच्या डोक्यावर मी, माझ्याखाली ती. दोघांची तोंडं बंद.

काकूंनी एकदा मला काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि काही न बोलता भांडी घासायला गेल्या. कितीतरी वेळ तिनं मला हात लावला नाही. मग एक बोट माझ्या तोंडात घालून पाहिलं. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी सगळी पोरं झोपलेली असताना तिनं पूर्ण हात आत घातला. तिची मूठ माझ्या मानेपर्यंतच पोचली. मग माझ्या लांब कानाला तोंड लावून ती बोलायला लागली.

अगदी हळू. घशाच्या तळातून येणारे मऊ शब्द होते ते. त्यांचा सूर वाक्याच्या शेवटी वर चढायचा. काय सांगत होती मला ठाऊक नाही. आजीचं असेल, गावचं असेल, नाहीतर माझीच तक्रार असेल. पण थांबत नव्हती. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या, ऐकलं, आणि चवड्यांवर मागे फिरल्या. आईला त्यांनी हे सांगितलं नाही. सांगितलं आणि हेही बंद झालं तर, अशी त्यांना धास्ती वाटली असणार.

त्यानंतर रोज दुपारी तिचं आणि माझं असं चालायचं. तरीही मी एकटाच होतो. तुम्ही म्हणाल, एकटा कसला? पण तिचं सगळं माझ्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. उलट एक शब्द तिला देता येत नव्हता. ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नसेल तर तोही एकटाच असतो.

थंडीतली एक दुपार. बटणनं जेवण तसंच ठेवलं. गाल लाल झाले होते. ती माझ्याजवळ आली, माझा एक कान मुठीत धरून ओढायला लागली आणि एकच शब्द म्हणत राहिली. पुन्हा ओढायची, पुन्हा तोच शब्द. भोंग्यानं ओरडून चुगली केली की ही गाढव फाडतेय.

काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. कुठं दुखतंय, पोटात का, असं इथल्या भाषेत विचारलं, पोट चाचपलं, घसा पाहिला. पोरगी नुसती बघत राहिली. दुखतंय हा तिच्या घरचा शब्द काकूंना कुणी शिकवलाच नव्हता. त्यांना वाटलं तिला मी हवाय. त्यांनी मला तिच्याजवळ दिलं. तिनं माझा कान इतका ओढला की शिवण उसवली आणि आतला कापूस बाहेर आला. मला वाटलं, रागावली आहे. मलाही कळलं नाही हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गाढवाला सगळं ठाऊक होतं.

काकूंनी धुलाईखान्यात फोन लावला. मुकादमानं कुरकुर करत आईला बोलावलं. मागे यंत्रांचा घरघराट. काकूंनी तो शब्द आपल्या जड जिभेनं म्हणून दाखवला. आईला कळेना. पुन्हा म्हटला. तरी कळेना. फोन पोरीच्या तोंडाजवळ धरला तर पोरगी गप्प. फोनवर आई म्हणजे इथलीच भाषा, हे तिनं शिकून ठेवलेलं.

तेव्हा काकूंनी मला हातात घातलं. फाटका कान, कापूस लोंबतोय, तसंच. फोन माझ्या तोंडाशी धरला आणि माझ्या तोंडून तो शब्द म्हटला, चुकीचाच. मग पुन्हा म्हटला, आणखी चुकीचा.

बटणनं माझ्याकडे पाहिलं. मठ्ठ विद्यार्थ्याकडे बघावं तसं. आणि कळवळत, पण चांगलं मोठ्यानं आणि तोडून तोडून, तिनं तो शब्द बरोबर म्हणून दाखवला.

यंत्रांच्या घरघराटावरून आई ओरडली, "कान. काकू, तिचा कान दुखतोय."

आई कामाच्या एप्रनवरच धावत आली. दारातच गुडघे टेकून तिनं पोरीला कवेत घेतलं आणि बोलायला लागली. ये, खा, झोप नाही. मी रोज दुपारी ऐकायचो ते मऊ शब्द, पण पाण्याच्या लोंढ्यासारखे. पोरगी आधी दचकली. मग तिच्या गळ्यात तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता बोलली. एका श्वासात. काकू पाठ फिरवून घड्या घातलेल्या दुपट्यांच्याच पुन्हा घड्या घालत होत्या.

जाताना आई दारात थांबली. तिनं इथल्या भाषेत शब्द गोळा केले.

"माझ्याशी बोलत नव्हती. तुमच्या गाढवाशी बोलत होती."

काकू म्हणाल्या, "गाढवानं तिला कधी गप्प बस म्हटलं नाही, गं."

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच लागलं. पुढे होऊन त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला, पोरीच्या डोक्याला आपली शाल गुंडाळली, बाकीची पोरं शिंप्याच्या हवाली केली आणि दोघींना डॉक्टरांकडे पोचवायला भोंग्याला कडेवर घेऊन स्वतः निघाल्या. कानात पू झाला होता. औषधानं कान बरा झाला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस. माझा कान आईनंच शिवला, धुलाईखान्यातल्या जाड पांढऱ्या दोऱ्यानं, थोडा वाकडा. चार शब्द मागितले होते, तिनं चाळीस दिले. सुट्टीच्या दिवशी येऊन, मला हातात घालून तिच्या भाषेत गोष्ट सांगायची. पोरांना शब्द कळायचे नाहीत, पण गाढव कुठं पडलं आणि कुठं उठलं ते बरोबर कळायचं. बटण शेजारी बसून बाकीच्यांना इथल्या भाषेत समजावून सांगायची. हो, इथल्या भाषेत. ती कधी आली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. भोंग्याला ती दोन्ही भाषांत दटावायला लागली तेव्हा काकू एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

आत्याला हे सगळं कळलं आणि तिला ते लागलं. भावजयीनं आपला शब्द मोडला म्हणून बरेच दिवस ती त्यांच्या घरी फिरकली नाही. पण एका संध्याकाळी आईला कामावर थांबावं लागलं, बाप बाहेरगावी, म्हणून पोरीला न्यायला तीच आली. बटण आतल्या खोलीत बूट घालत होती. काकू तिथंच भोंग्याचे कपडे बदलत होत्या. बाहेरच्या खोलीत आत्या आणि मी.

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग मला खिळ्यावरून काढलं आणि हात आत घातला. तिची अंगठी माझ्या अस्तरात अडकली. माझं तोंड थोडंसं उघडून ती काहीतरी म्हणाली. शब्द तेच, घशाच्या तळातले; पण गंजलेल्या बिजागरीसारखे, थांबत, कुरकुरत येणारे. एकच वाक्य, आणि शेवटी सूर वर चढला.

एका पायात बूट घातलेली बटण दारात आली. आत्याकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मला उत्तर दिलं. आत्या चपापली. मग माझ्या तोंडून आणखी एक वाक्य. पोरीचं उत्तर. आणखी एक. कुठंतरी आत्या अडली, शब्द सापडेना. पोरीनं तो काढून दिला. आत्या हसली, आणि हसताना तिचा आवाज वेगळाच झाला, वयानं कितीतरी लहान.

काकूंच्या गुडघ्यांचा कडकडाट ऐकू आला तशी तिनं मला भरकन काढलं आणि धूळ झटकत असल्यासारखं केलं. काकूंनी पाहिलं होतं. त्यांनी पोरीचा दुसरा बूट पुढे केला. आत्याच कोटाची बटणं लावत, न विचारता म्हणाली :

"माझा मुलगा फार चांगला आहे. दर रविवारी येतो." थोडं थांबून म्हणाली, "आल्यावर आम्ही टीव्ही बघतो."

बटण शाळेत जायला लागली. शेवटच्या दिवशी तिनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, नव्या दप्तराच्या नादात होती. तेच बरं. पाळणाघर विसरायचंच असतं. पुढे तिच्या बापाला दुसऱ्या शहरात काम मिळालं आणि ते घर गल्लीतून गेलं. शिंपी वारला. काकूंचे गुडघे एकदा बसले की उठेनात; जमिनीवर बसता येत नाही त्या बाईनं पाळणाघर काय चालवायचं? लेकीकडे राहायला जायचं ठरलं. गाद्या कुणी नेल्या, ठोकळे कुणी नेले. मी खिळ्यावर तसाच. वाकड्या कानाचं गाढव कोण नेणार?

आत्या आली. दारातच उभी राहून, कुणी परक्याचं मागावं तसं तिनं विचारलं, "ते गाढव कुणी मागितलंय का?" काकूंनी मला काढलं, माझ्या कानावरून एकदा अंगठा फिरवला आणि तिच्या हातात दिलं.

आता मी आत्याच्या स्वयंपाकघरात असतो. फळीवर एका रिकाम्या बाटलीवर मला खोचून ठेवलंय, त्यामुळे मान ताठ. तिचा नवरा कधीच गेला आहे. खोल्या स्वच्छ आहेत, फार स्वच्छ. सकाळी चहाचं पाणी उकळेपर्यंत ती मला हातात घालते आणि बोलते, तिच्या त्या भाषेत. तीच विचारते, आणि आवाज जरा जाड करून माझ्या तोंडून तीच उत्तर देते. ती गंजलेली बिजागरी आता सरसर फिरते. जिन्यावरून जाणाऱ्यांना वाटत असेल, या घरात दोन माणसं राहतात.

गेल्या रविवारी मुलगा आला होता. खरंच चांगला आहे तो. येताना फळं आणतो, गळणारा नळ दुरुस्त करतो. पेला घ्यायला स्वयंपाकघरात आला, मी दिसलो. हसला, आणि सहज हात आत घातला. मोठा, ऊबदार हात. आजवर कुणाच्या हातानं मी एवढा भरलो नव्हतो. माझं तोंड वाजवत, गमतीचा आवाज काढून तो इथल्या भाषेत म्हणाला, "आई, भूक लागली."

ती शेगडीपाशी पाठमोरी होती. वळली, आणि तिच्या तोंडून उत्तर निघून गेलं. तिच्या भाषेत. चारच शब्द असतील. सकाळी माझ्याशी बोलते तितकं सहज, आणि त्याहून कितीतरी मऊ.

तो थांबला. त्याची बोटं माझ्या आत होती, म्हणून खात्रीनं सांगतो, ती एकदम स्तब्ध झाली.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. चेष्टेनं नाही. त्याला खरंच हवं होतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओठ हललेसुद्धा. मग शेगडीकडे वळून ती इथल्या भाषेत म्हणाली, "काही नाही. हात धू, वाढते."

तो क्षणभर उभा राहिला. मग मला काढून त्यानं पुन्हा बाटलीवर बसवलं, जरा तिरपं, तोंड भिंतीकडे करून. बाहेर टीव्ही लागला.

तेव्हापासून मी भिंतीकडे बघतोय. तिच्या लक्षात आलं तर फिरवेल. तोवर तुम्हालाच सांगून ठेवतो, कारण तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात असं कुणी "काही नाही" म्हणालं, तर हात धुवायला जाऊ नका. तिथंच उभे राहा आणि पुन्हा विचारा.